मदत हवी आहे : हेडसेटची केबल गाडीच्या ऑक्सला कशी जोडू?

नमस्कार मंडळी,

बाबांच्या जुन्या गाडीच्या स्टिरिओला ब्लूटूथ नाही, फक्त ३.५ मिमीचं ऑक्स सॉकेट (बाहेरून आवाज आत घेणारं भोक) आहे. साध्या केबलवर गाणी छान वाजतात, पण फोन आला की बाबा तो उचलून कानाला लावतात. गाडी चालवताना हे मला अजिबात नको आहे.

म्हणून वायरच्या हेडसेटचे इअरबड कापून, माइक आणि बटण तसंच ठेवून, कापलेल्या टोकाला साधी स्टिरिओ पिन लावायची आहे: टोकाला डावा चॅनेल, मधल्या कडीला उजवा, मुळाशी दोन्ही बाजूंचं ग्राउंड (परतीची सामाईक तार) एकत्र. फोनकडची चार भागांची पिन तशीच राहील.

अडचण सोल्डरिंगची. आतल्या केसासारख्या तारांवर इनॅमलचा (वीज अडवणाऱ्या लेपाचा) थर असतो, त्यावर सोल्डर धरत नाही. तो लायटरने जाळावा, की पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावा? तार तुटू नये एवढंच.

दुसरं, गाडीतच फोन चार्जिंगला लावला तर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. ऑक्सच्या बाजूला ग्राउंड लूप आयसोलेटर (ग्राउंडमधून येणारा असा आवाज अडवणारी छोटी डबी) लावला तर माइक नीट चालेल ना? आणि स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून समोरच्याला प्रतिध्वनी जातो का? कुणी असं जोडून वापरलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.