एसएफ-८६ मध्ये आईचं खातं आणि सातबारा दाखवायचा का? अर्जंट मदत हवी आहे

सातारकर_व्हर्जिनिया: मंडळी घाईत लिहितोय. नव्या नोकरीला सिक्रेट क्लिअरन्स लागतो, म्हणजे अमेरिकन सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी, आणि त्याचा एसएफ-८६ फॉर्म शुक्रवारपर्यंत सबमिट करायचाय. साताऱ्यात आईबरोबर जॉइंट खातं आहे आणि बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून माझंही नाव लागलंय. पैसे सगळे आईचे, मी एक रुपया काढलेला नाही. ऑफिसातला एकजण म्हणतो आधी नाव काढून घे. आईला उद्याच बँकेत पाठवू का? बँक पहिल्या मजल्यावर आणि तिला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही म्हणून विचारतोय.

नीलिमा_टी: सिटिझन आहात ना? ग्रीन कार्डवर क्लिअरन्स मिळतच नाही. खात्यात किती आहेत? आईला पैसे पाठवता? घरचं कोणी सरकारी नोकरीत?



सातारकर_व्हर्जिनिया: सिटिझन आहे, २०१९ पासून. खात्यात अकरा लाख. आईला महिन्याला ३०० डॉलर. भाऊ आर्मीत आहे पण त्याचा इथे काय संबंध?

नीलिमा_टी: अहो संबंध त्याचाच जास्त! २०१७ पासून क्लिअरन्सला जे १३ निकष लागू आहेत त्यात गाइडलाइन बी म्हणजे परदेशी नाती आणि तिथली मालमत्ता, त्यात सरकारी किंवा लष्करी माणूस घरात असला की प्रश्न वाढतात. पण नातं आहे म्हणून क्लिअरन्स जात नाही, तिथल्या माणसामुळे तुमच्यावर दबाव येऊ शकतो का ते बघतात, आणि दुसऱ्या पारड्यात इथलं घर, मुलं, ४०१के म्हणजे निवृत्तीची बचत. आई-भाऊ फॉर्मच्या सेक्शन १८ मध्ये, खातं, जमीन आणि ते ३०० डॉलरसुद्धा २०ए मध्ये.

ठाणे_टू_टेक्सस: एवढं कशाला लिहायचं? माझ्या मित्राने नाव काढलं, विषय संपला.

नीलिमा_टी: कृपा करून असले सल्ले देऊ नका. आज नाव काढलं तरी काल होतं ना? माझ्या नवऱ्याला मुलाखतीत जमिनीबद्दल दहा मिनिटं विचारलं, त्याने सातबारा समोर ठेवला, क्लिअरन्स मिळाला. लपवलं तर गाइडलाइन ई म्हणजे प्रामाणिकपणाचा निकष आड येतो, आणि खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे.

ठाणे_टू_टेक्सस: सगळ्यांचं नशीब तुमच्या मिस्टरांसारखं नसतं.

हिशेबनीस: जमिनीचं सोडा हो. अकरा लाख म्हणजे १०,००० डॉलरच्या वर. एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला द्यायचा फॉर्म, भरता का? जॉइंट खात्यात पैसे आईचे असले तरी तुम्हाला भरावा लागतो.

सातारकर_व्हर्जिनिया: हे काय असतं? कधीच भरलं नाही.

हिशेबनीस: मग आधी हे. टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल बी या जोडपत्रात परदेशी खातं आहे का असा प्रश्न असतो, तिथे काय टिक केलंय बघा. राहिलेले एफबीएआर ऑनलाइन भरता येतात, उशिराचं कारण लिहायची सोय आहे. पण परदेशी खात्यांचं काम करणारा सीपीए (इथला सीए) गाठून मगच भरा.

सातारकर_व्हर्जिनिया: आत्ता २०२१ चं रिटर्न उघडलं. ‘नाही’वर टिक आहे. पोटात गोळा आला. सकाळीच सीपीएला फोन करतो, आईला बँकेत पाठवत नाही. भावाला त्याचं पोस्टिंग विचारून लिहू का?

नीलिमा_टी: अजिबात नको. तो भारतीय आर्मीत आहे आणि तुम्ही किती वेळा बोलता एवढं लिहा. पोस्टिंग त्याला फोनवर विचारूसुद्धा नका, त्याचीही नोकरी आहे.