मदत हवी आहे: मूळ संख्या तपासताना भागाकार कुठे थांबवायचा?

मुलगी सहावीत आहे. ३२३ तपासताना तिने २, ३, ५, ७, ११, १३ ने भागून पाहिलं, भाग गेला नाही, आणि ‘मूळ संख्या’ लिहून मोकळी झाली. पण १७ × १९ = ३२३! मी सांगितलं, ज्या मूळ संख्येचा वर्ग दिलेल्या संख्येहून मोठा होतो तिथे थांब; इथे १९ पाशी, कारण ३६१. नियम पाठ झाला, पण ‘पुढे एखादा मोठा विभाजक लपला असेल तर?’ हे तिचं पालुपद चालूच आहे (प्रश्न रास्त आहे म्हणा). ३६ च्या जोड्या मांडल्या: ४ × ९, ६ × ६, मग उलट ९ × ४. त्यावर म्हणते, ‘ही संयुक्तच आहे ना!’ विभाज्यतेच्या कसोट्या पक्क्या आहेत. वर्गमूळ, बीजगणित अजून झालेलं नाही. त्यांच्याशिवाय, १०१ सारखी मूळ संख्याच घेऊन हे कसं पटवावं?