स्वसंमोहनाने रात्रीचं खाणं कमी झालंय का कुणाचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दिवसभर माझं जेवण अगदी व्यवस्थित असतं हो, पण रात्री सगळे झोपले की भूक नसताना हात आपोआप चिवड्याच्या डब्यात जातो आणि डबा अर्धा झाल्यावरच भान येतं. डायटिशियनने चार्ट दिलाय पण चार्ट काय रात्री अकराला उठून हात धरत नाही.

मग स्वसंमोहनाबद्दल (म्हणजे मन शांत करून स्वतःच स्वतःला सूचना देणं) वाचलं. फ्रान्समधे ८२ जणांवर केलेला याचा अभ्यास २०२२ साली छापून आला होता, त्यात ८ महिन्यांनी खाण्यावरचा ताबा बराच सुधारला पण वजनातला फरक दोन किलोच्याही आत होता. म्हणजे 'झोपेत दहा किलो घटवा' वाले व्हिडिओ सरळ थापा आहेत, मला तेवढी हाव नाही, रात्रीचा चिवडा सुटला तरी गंगेत घोडं न्हालं.

सध्या आडवं पडून, श्वास संथ करून, दहा ते एक उलटे आकडे मोजत जिना उतरतेय असं डोळ्यासमोर आणते, पण चौथ्या पायरीला घोरायलाच लागते (असं नवरा म्हणतो). बसून करायचं का? सूचना 'चिवडा खाणार नाही' अशी द्यायची की 'माझं पोट भरलंय' अशी? स्वतःच्या आवाजात मराठीत रेकॉर्ड करून कुणी ऐकलंय का? आणि शुगरची गोळी चालू आहे, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अजून काय काय विचारून घेऊ?