मोठ्या बायकांना लिहायला शिकवताना चित्रांचा शब्दकोश वापरू का सोडून देऊ?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. सिन्नरजवळच्या गावात मी उल्लासची (सरकारचा प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम) स्वयंसेवक म्हणून पाच जणींना शिकवते, सगळ्या पंचेचाळीस ते साठच्या, कांद्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्या, रात्री भांडी घासून झाली की येतात. मी दुकानातून चित्रांचं पुस्तक आणलं, अ अननसाचा वालं. चित्र बघून धडाधड शब्द म्हणतात पण पुस्तक मिटून लिहा म्हटलं की पेन्सिल हातात तशीच. एक काकू म्हणाल्या, अगं अननस मी आयुष्यात कधी कापला नाही. दुसऱ्या म्हणतात हे नातवाचं पुस्तक, मला नको. उल्लासच्या चाचणीत 150 पैकी 50 मार्क लिहिण्याचे आहेत, त्याचं टेन्शन आलंय. चित्रं बंद करू का?

निवृत्त_मास्तर:
ताई, चित्रं बंद करू नका, फक्त लिहिताना झाका. चित्राखालीच शब्द असला की माणूस चित्र वाचतो, अक्षराकडे डोळा जातच नाही. जाड कागदाची कार्डं करा, पुढे चित्र मागे शब्द. चित्र बघायचं, शब्द मोठ्याने म्हणायचा, तोडायचा, न... ळ, मग लिहायचा आणि मगच कार्ड उलटून बघायचं. चुकलं तर त्यांचं त्यांनाच दिसतं, आपण लाल पेन घ्यायचं नाही, मोठी माणसं त्या लाल पेनाला घाबरून यायची बंद होतात हे मी पाहिलंय.
आणि अ आ इ ई पासून सुरुवात नको, अ चं वळण अवघड असतं. ग म भ न घ्या, आधी बिनकान्याचे शब्द, घर, नळ, बस, कप, बटण, मग चहा, तवा, डाळ, भात.

वऱ्हाडी_माणूस:
आमच्याकडे वेगळीच अडचण आली. चित्रात पेरू, खाली पेरू लिहिलेलं, आणि सगळ्या बाया म्हणतात जाम. उलथन्याला सराटा. आता बोलायचं जाम आणि लिहायचं पेरू म्हटल्यावर नवीन शिकणाऱ्याचा गोंधळ होणारच ना. तसंच पुस्तकात केळे, मडके आणि तोंडात केळं, मडकं. मी सरळ त्यांच्याच घरात मोबाईलवर फोटो काढले, चूल, सूप, शेळी, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून वहीत चिकटवले आणि त्या जे म्हणतील तेच खाली लिहिलं. पेरू नंतर शिकवला, बाजारात पाटीवर असतो म्हणून. एका मावशीने शेळीच्या फोटोखाली स्वतःहून "माझी शेळी" लिहिलं, "माझी" मी अजून शिकवलंच नव्हतं, शेजारणीच्या पानावर बघून घेतलं त्यांनी.

बाराखडी:
ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेअरे या शिक्षणतज्ज्ञांनी 1963 साली अँजिकोस गावात सुमारे 300 प्रौढांना साधारण 40 तासांत वाचायला लिहायला शिकवलं, तिथेही चित्रं होती पण त्यांच्याच कामाची आणि जगण्याची. आधी चित्रावर गप्पा, मग त्यातला एक शब्द घेऊन तोडायचा. वीट म्हणजे तिजोलो, ति जो लो, मग त च्या घराण्यातले सगळे ता ते ति तो तु. आपली बाराखडी हेच तर करते! तुमच्याकडे कांदा आहे. का आणि दा सुटे केले की काका होतो, दादा होतो, दोन्ही घरातले शब्द.
चित्राची मर्यादा पण सांगते. मजुरी, हजेरी, उधारी, उद्या, याचं चित्र काढून काय दाखवणार? त्यासाठी मुकादमाची हजेरीची वहीच समोर ठेवा.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल अननस बाजूला ठेवून घरातला कांदाच ताटात ठेवला. पहिल्यांदा तिघींनी कादा लिहिलं, अनुस्वार राहिला, मग नाकातून म्हणून बघा म्हटलं तर आपसूक टिंब आलं. काका आणि दादा पाचही जणींना आलं. त्या अननसवाल्या काकूंनी दादा चार वेळा लिहिलं, त्यांचे भाऊ गेल्या वर्षी गेले. मग पाटी पुसू दिली नाही, तशीच घरी नेली.
हजेरीच्या वहीचं विचारलंय, मुकादम एक पान देतो म्हणालाय. त्यात आकडे आणि नावं एकाच ओळीत आहेत, आधी नावं शिकवू का आकडे?

निवृत्त_मास्तर:
नावं. आधी स्वतःचं.