क्लायंटच्या हातात कोणता एडिटर द्यावा?

एकहाती_वेब

नमस्कार मंडळी. मी एकटीच वेबसाइट करून देते. सध्या अकरा साइट माझ्याकडे आहेत, सगळ्या मी स्वतः लिहिलेल्या छोट्या पीएचपी सीएमएसवर (साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालीवर) चालतात. मजकूर क्लायंट स्वतः टाकतात. आत बसवलेला एडिटर, म्हणजे मजकूर लिहायची चौकट, फार जुना आहे, त्याची देखभाल कधीच थांबली. "चालतंय तोवर चालू दे" म्हणत मी बरीच वर्षं काढली. आता मात्र बदलायलाच हवा.

कारण एक काका. ते हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटासाठी दर महिन्याला मोठा लेख लिहितात. त्यात ग्रहांच्या उदयास्ताच्या वेळांचा तक्ता असतो. आधी वर्डमध्ये लिहितात, दोनदा तपासतात आणि मग साइटवर पेस्ट करतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, "लेखाचे शेवटचे परिच्छेद उडाले, आणि पानाखालची पट्टीही दिसत नाही." पाहिलं तर मजकूर वाक्याच्या मध्येच तुटलेला. त्यांनी पुन्हा पेस्ट केला, पुन्हा त्याच जागी तुटला. त्यांना वाटतंय की चूक त्यांचीच आहे. हे मला फार लागलं.

दुसऱ्या एका साइटवर फोनमधला फोटो थेट मजकुरात पेस्ट केला की एडिटरमध्ये छान दिसतो, पण सेव्ह केल्यावर फोटोही नाही आणि त्याखालचं काहीच नाही. शिवाय तिथे प्रत्येक सूचना वेगळ्या रंगात, वेगळ्या आकारात. पानाची मांडणी मी कितीही नीट केली तरी आठवड्याभरात जत्रा होते.

टायनीएमसीई, सीकेएडिटर ५, क्विल आणि टिपटॅप एवढी नावं काढून ठेवली आहेत. चारही डेमो पाहिले. डेमोत सगळेच गुणी दिसतात. तुम्ही प्रत्यक्ष क्लायंटच्या हातात काय दिलंत आणि दोन-तीन वर्षांनी त्याचं काय झालं, ते ऐकायचं आहे.

मूळप्रत

ताई, आधी काकांचं बघू. एडिटर बदलून हे दुखणं जाणार नाही असं मला वाटतं. डेटाबेस मायएसक्यूएल आहे ना, आणि मजकुराचा कॉलम 'टेक्स्ट' प्रकारचा? त्यात ६५,५३५ बाइट मावतात. अक्षरं नव्हे, बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं असतात. 'क्रांती' डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण साठवताना सात चिन्हं, म्हणजे एकवीस बाइट. अडीच हजार शब्दांचा लेख नुसत्या मजकुरानेच चाळीस-पंचेचाळीस हजार बाइटांच्या घरात जातो. त्यावर वर्डमधून आलेल्या, पानावर न दिसणाऱ्या खुणा: स्पॅन, एमएसओ-नॉर्मल क्लास, ओळीओळीला फॉन्टचं नाव. भरलं भांडं.

सर्व्हरवर स्ट्रिक्ट मोड चालू असता तर डेटाबेसने सेव्ह करायलाच नकार दिला असता आणि तुम्हाला त्याच दिवशी कळलं असतं. तो बंद असला की जादा भाग मुकाट कापला जातो, मागे फक्त एक वॉर्निंग राहते. पानाखालची पट्टी का गेली? कापणी एखाद्या स्टाइलच्या अवतरणचिन्हाच्या आत झाली असेल. मग पुढचं अवतरणचिन्ह भेटेपर्यंत ब्राउझर सगळं त्या स्टाइलचाच भाग समजतो. फोटोचंही तेच. पेस्ट केलेला फोटो बेस६४ होऊन, म्हणजे अक्षरांच्या लांबलचक माळेत बदलून, मजकुरातच शिरतो, मूळ फाइलपेक्षा सुमारे एक तृतीयांश फुगतो, आणि चौसष्ट केबीच्या कॉलमात फोनचा फोटो मावणं शक्यच नाही.

त्या लेखावर लेंग्थ फंक्शन चालवा. ते बाइट मोजतं. आकडा ६५,५३५ आला तर काकांना आजच फोन करून सांगा की त्यांची काही चूक नव्हती.

आता एडिटर. मी हे काम पुष्कळ वर्षं करतोय आणि माझं मत एकच आहे. एडिटर पाच-सात वर्षांनी बदलावाच लागतो. सीकेएडिटर ४ किती साइटवर होता, तरी जून २०२३ मध्ये त्याची मोफत देखभाल संपली. मागे राहतं ते डेटाबेसमधलं एचटीएमएल, म्हणजे खुणांसकट साठवलेला मजकूर. म्हणून डेमोमधला टूलबार पाहून निवडू नका, तो मागे काय ठेवून जातो ते पाहून निवडा. प्रत्येक उमेदवारात काकांचा खरा लेख पेस्ट करा, सेव्ह करा आणि सोर्स (साठवलेलं एचटीएमएल) वाचा. माझ्या बघण्यात याहून चांगली परीक्षा नाही.

जुने एडिटर सगळं काम ब्राउझरच्या कॉन्टेंटएडिटेबल आणि एक्झेक-कमांड या तयार सोयींवर सोपवायचे. एंटर दाबला की एक ब्राउझर पॅरेग्राफ करणार, दुसरा डिव्ह करणार. सीकेएडिटर ५ आणि प्रोझमिरर (टिपटॅप त्याच्यावरच उभा आहे) यांचं तसं नाही. ते स्वतःच्या आत मजकुराचा एक आराखडा ठेवतात. परिच्छेद, मथळा, यादी, तक्ता असं जे तुम्ही मान्य केलंय तेवढंच त्या आराखड्यात असतं. पेस्ट केलेलं बाकी सगळं दाराशीच गळतं. जांभळी अक्षरं येणारच नाहीत, कारण रंग नावाची गोष्ट त्याला ठाऊकच नसेल.

पण याच गुणात एक मोठा धोका आहे, आणि तो मी एकदा भोगलाय. जुन्या पानांतही असं काही असतं जे नव्या आराखड्यात बसत नाही: हाताने लिहिलेला आयफ्रेम (पानात बसवलेला नकाशा किंवा व्हिडिओ), जुना तक्ता, एखादा खास क्लास. क्लायंट पान उघडतो, एखादी चुकलेली वेलांटी सुधारतो आणि सेव्ह करतो. तेवढ्यात नकाशा गेला, व्हिडिओ गेला. कुणाला पत्ता नाही. माझ्या एका क्लायंटच्या सोळा पानांचं असं झालं आणि मला चार महिन्यांनी कळलं. बॅकअपमधून एकेक पान शोधून परत लावलं, त्यांच्यासमोर बसून. तेव्हापासून बदल करण्याआधी एक स्क्रिप्ट चालवतो. प्रत्येक जुनं पान नव्या एडिटरमध्ये भरायचं, काही न करता त्याच्याकडून एचटीएमएल परत घ्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. जिथे मजकूर, लिंक, चित्र किंवा आयफ्रेम कमी झालाय त्या पानांची यादी करायची. हे केल्याशिवाय एकाही साइटवर नवा एडिटर चढवू नका, अशी कळकळीची विनंती.

लायसन्सही नीट वाचा, कारण त्यात बरेच बदल झालेत. एमआयटी आणि बीएसडी सैल, एलजीपीएल मधलं, जीपीएल कडक: त्यावर बेतलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं तर सोर्सही द्यावा लागतो. टायनीएमसीई ५ एलजीपीएल होता, ६ एमआयटी झाला, आणि २०२४ मध्ये आलेला ७ जीपीएल किंवा विकतचं लायसन्स. सीकेएडिटर ५ सुद्धा जीपीएल किंवा विकतचा. क्विल बीएसडी. प्रोझमिरर, टिपटॅपचा गाभा आणि लेक्सिकल (आणखी एक एडिटर) एमआयटी. तुमचा सीएमएस तुम्ही क्लायंटना सोर्स बंद ठेवून देत असाल तर जीपीएलच्या अटी तुम्हाला लागू होतात का, ते निवडीच्या आधी जाणकाराकडून समजून घ्या.

खिळेमोळे

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. थोडं पेस्टबद्दल.

वर्डमधून पेस्ट हा तुमचा रोजचा प्रश्न असेल तर हा फरक लक्षात घ्या: टायनीएमसीईच्या मोफत आवृत्तीत वर्डसाठीची खास सफाई ५ पर्यंत होती, ६ पासून ती विकतच्या प्लगिनकडे गेली. सीकेएडिटर ५ च्या मोफत आवृत्तीत वर्डमधून पेस्टची सोय आहे. यादीच्या आत यादी असलेली वर्ड फाइल दोन्हीकडे टाकून बघा, फरक लगेच दिसेल.

क्विल मला आवडतो. हलका आहे, टिप्पण्या आणि छोटे निरोप यांसाठी मी तोच लावतो. पण तो मजकूर डेल्टा नावाच्या स्वतःच्या रूपात ठेवतो, आणि मधोमध करण्यासारख्या गोष्टी स्वतःच्या क्लासने लिहितो. ते क्लास तुमच्या बाहेरच्या पानाच्या सीएसएसमध्ये (रंगरूपाच्या नियमांत) नसतील तर एडिटरमध्ये एक दिसतं आणि साइटवर दुसरं. काकांना तक्ता लागतो. २.० मध्ये तक्ते आले खरे, पण अगदी प्राथमिक. त्यांना तो देऊ नका.

सुरक्षेचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. टूलबारवर बटण नाही म्हणजे तो टॅग येणार नाही, असं नसतं. एडिटर ब्राउझरमध्ये असतो, आणि फॉर्मची विनंती एडिटरला वळसा घालून थेट पाठवता येते. म्हणून सेव्ह करताना सर्व्हरवर गाळणी हवीच. पीएचपीसाठी एचटीएमएल प्युरिफायर आहे. मान्य टॅगची आणि ॲट्रिब्यूटची यादी द्या, बाकी सगळं फेकू द्या. एकच यादी एडिटरला आणि गाळणीला लावा. दोन वेगळ्या याद्या ठेवल्या की क्लायंटला एडिटरमध्ये दिसलेली गोष्ट सेव्ह केल्यावर नाहीशी होते, आणि मग काकांसारखी माणसं पुन्हा स्वतःला दोष देतात.

आणि कॉलम मोठा करण्याआधी बेस६४ बंद करा. नाहीतर आज जे फोटो कापले जातायत ते उद्या पूर्णच्या पूर्ण डेटाबेसमध्ये शिरतील आणि बॅकअप फुगत जाईल. पेस्ट झालेला फोटो एडिटरनेच उचलून सर्व्हरवर फाइल म्हणून चढवायचा आणि मजकुरात फक्त पत्ता ठेवायचा, अशी सोय सीकेएडिटर आणि टायनीएमसीई दोन्हीत करता येते.

अर्धचंद्र

मराठीपुरती भर घालते. तुमची सफाई अदृश्य चिन्हं सरसकट काढत असेल तर जपून. काही कीबोर्ड 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र हा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा लिहितात. तो जॉइनर 'कचरा' म्हणून गेला की र वर चढून रफार होतो, आणि 'दुसर्या' छापलं जातं. मी एका वर्तमानपत्री सदराच्या साइटवर हे कितीतरी दिवस शोधत होते. लेखिका शपथेवर सांगत होत्या की त्यांनी बरोबर लिहिलंय, आणि त्यांचं खरं होतं.

चाचणी फोनवरही करा. अँड्रॉइडवर देवनागरी कीबोर्ड अक्षर पुरं होईपर्यंत ते हातचं राखतो, आणि ब्राउझरला कोणतं बटण दाबलं ते कळत नाही, सगळ्याला २२९ हाच क्रमांक जातो. एकेक बटण मोजणाऱ्या एडिटरमध्ये मग कर्सर उडी मारतो किंवा मात्रा दोनदा उमटते. एक पूर्ण परिच्छेद टाइप करा, मधला शब्द खोडा, तिथे जोडाक्षर घाला. दोन मिनिटांचं काम आहे.

टायनीएमसीई घेतलात तर ब्राउझरची शुद्धलेखन तपासणी त्यात मुळात बंद असते, सेटिंगमध्ये चालू करावी लागते.

एकहाती_वेब

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसले.

लेंग्थ: ६५,५३५. बरोब्बर. शेवटी 'फॉन्ट-फॅमिली'चं निम्मं नाव आणि उघडं अवतरणचिन्ह. स्ट्रिक्ट मोड मीच केव्हातरी बंद केला होता, एक जुनी साइट हलवताना एरर येत होत्या म्हणून. तो आज चालू केला. कॉलम मीडियमटेक्स्ट केला, बेस६४ थांबवल्यावरच.

मूळप्रत, तुमची ताडून बघायची स्क्रिप्ट मी लिहिली. अकरा साइटची मिळून ३४० पानं, त्यांतली २६ बदलली. बहुतेकांत नुसती रिकामी स्पॅन गेली, ती जायलाच हवी होती. पण पाच पानांवरचे नकाशे गेले असते आणि एका पानावरचा तक्त्यातला तक्ता. ही सहा पानं हाताने नीट करून मगच पुढे जाणार. तुम्ही लिहिलं नसतं तर मी थेट चढवून मोकळी झाले असते.

सीकेएडिटर ५ घेते आहे. काकांचा लेख चारही ठिकाणी पेस्ट करून सोर्स वाचला, तक्ता आणि याद्या इथे सर्वांत स्वच्छ आल्या. माझ्या सीएमएसचा सोर्स मी तसाही क्लायंटना देतेच, त्यामुळे जीपीएलने माझं काही अडत नाही. टूलबारवर नऊ बटणं ठेवली: दोन पातळ्यांचे मथळे, ठळक, तिरकं, लिंक, दोन याद्या, चित्र, तक्ता, आणि मागे घ्या. रंग नाही, फॉन्ट नाही, आकार नाही. सूचनांवाल्या क्लायंटना लाल रंग हवाच होता. त्यांना विचारलं, लाल कशासाठी? म्हणाले, तातडीची सूचना वेगळी दिसावी म्हणून. मग 'तातडीची सूचना' नावाची एक शैली करून दिली. तिचा रंग साइटचं सीएसएस ठरवतं. त्यांना पटलं.

अर्धचंद्र, तुमचा 'दुसऱ्या' माझ्याच गाळणीत सापडला. मी झीरो विड्थची तीनही चिन्हं एका ओळीत उडवत होते. आता फक्त झीरो विड्थ स्पेस उडवते, जॉइनर आणि नॉन-जॉइनर राहू देते. जुन्या लेखांत किती र बिघडलेत ते मोजायचं बाकी आहे.

काकांना सकाळी फोन केला. कॉलम, बाइट, सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "म्हणजे माझं लिहिणं मोठं होतं, चुकीचं नव्हतं." वर्डची फाइल त्यांनी जपून ठेवली होती. शेवटचे तीन परिच्छेद शनीच्या कड्यांबद्दल होते. नव्या एडिटरमधून ते त्यांनी स्वतःच चढवले.