मदत हवी आहे: एआय एजंटसाठी शीट-टूलचं वर्णन नेमकं कसं लिहायचं?

गूगल शीट्सच्या एपीआयवर (प्रोग्रामला शीट हाताळू देणारी सोय) चार टूल्स बांधली आहेत: वाचणे, लिहिणे, शेवटी ओळ जोडणे आणि ओळी काढणे. सोसायटीच्या मेंटेनन्स वसुलीच्या शीटवर एजंट (एआय मॉडेलवर चालणारा प्रोग्राम) प्रत्येक टूलचं वर्णन वाचून ती वापरतो. घोळ असे होतात:

सांगितलेल्या ओळीच्या खालचीच ओळ उडते. फ्लॅट क्र. ०१०१ चा १०१ होतो. काही तारखांत दिवस-महिना उलटतो, सगळ्यांत नाही. एकूण रकमेचा फॉर्म्युला जाऊन तिथे नुसता आकडा बसतो.

लिहिण्याच्या टूलचं सध्याचं वर्णन: 'दिलेल्या रेंजमध्ये डेटा लिहितं.' मॉडेल बदलू की वर्णन?

प्रतिसाद १

वर्णन. आणि थोडं टूलही.

ओळ उडण्याचं कारण सरळ आहे. रेंज 'ए१२:एफ१२' अशी लिहिली की ओळी १ पासून मोजल्या जातात. ओळी काढण्याची विनंती मात्र ० पासून मोजते आणि शेवटचा क्रमांक धरत नाही. म्हणजे शीटवर दिसणारी १२वी ओळ काढायची तर सुरुवात ११, शेवट १२. एजंट १२ आणि १३ पाठवतो, १३वी जाते. हे वर्णनात समजावत बसू नका. वजाबाकी टूलच्या आत करा आणि वर्णनात एकच वाक्य ठेवा: 'ओळ क्रमांक शीटच्या डाव्या कडेला दिसतो तोच द्या.'

४, ७ आणि ९ या ओळी काढायच्या असतील तर आधी ९, मग ७, मग ४. वरून सुरुवात केली की ४ गेल्यावर ७ची ६ होते. टूलने यादीच घ्यावी आणि उतरता क्रम स्वतः लावावा.

प्रतिसाद २

तारखांचं निदान सोपं आहे. १२ तारखेपर्यंतच्या उलटल्यात आणि १३ पासूनच्या डावीकडे चिकटून मजकूर म्हणून बसल्यात ना? मग शीटचं लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा वाचायच्या ते सेटिंग) अमेरिकेचं आहे. ०३/०४/२०२५ चा तिथे ४ मार्च होतो. २५/०४/२०२५ ही तर त्याला तारीखच वाटत नाही. लोकेल भारत करा आणि वर्णनात लिहा: 'तारीख २०२५-०४-०३ अशीच द्या, वर्ष आधी.'

फ्लॅट क्रमांकाचा घोळ लिहिण्याच्या पद्धतीतला. एपीआय त्यासाठी दोन पर्याय देतं. 'यूझर एंटर्ड' म्हणजे माणसाने टाइप केल्यासारखं: शून्य गळतं, तारीख ओळखली जाते, फॉर्म्युला चालतो. 'रॉ' म्हणजे दिलं तसं: अवतरणातला ०१०१ शाबूत राहतो, पण बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा फॉर्म्युलाही नुसता मजकूर होऊन बसतो. दोन्हींचा परिणाम वर्णनात एकेका उदाहरणासह हवा. नुसती पर्यायांची नावं दिली तर एजंट अंदाजाने निवडतो.

प्रतिसाद ३

फॉर्म्युला का उडतो: वेगळं काही मागितलं नाही तर वाचताना फॉर्म्युला नाही, सेलमध्ये दिसणारी किंमत येते. एजंट अख्खा ब्लॉक वाचतो, एक सेल बदलतो आणि सगळा परत लिहितो. फॉर्म्युला त्याने पाहिलेलाच नसतो! वाचण्याच्या टूलने किंमत आणि फॉर्म्युला दोन्ही द्यावेत. लिहिण्याच्या टूलने फॉर्म्युला असलेल्या सेलवर स्पष्ट परवानगीशिवाय लिहायला नकार द्यावा. वर्णन साधारण असं:

'फक्त बदललेले सेल लिहा. नल दिल्यास सेल तसाच राहतो, रिकामी स्ट्रिंग दिल्यास पुसला जातो. फॉर्म्युलाच्या सेलवर लिहायचं असेल तरच फॉर्म्युला_बदला = खरे.'

नल (किंमतच न देणं) आणि रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) यांतला फरक हमखास राहून जातो. वाचण्याच्या टूलमध्ये आणखी एक: शेवटच्या रिकाम्या ओळी आणि कॉलम उत्तरात येतच नाहीत. २० ओळी मागून १४ आल्या तर उरलेल्या रिकाम्या आहेत, हे न लिहिल्यास एजंट वाचन फसलं समजून पुन्हा पुन्हा मागत राहतो.

धागाकर्ता

आभार. लोकेल खरंच अमेरिकेचं निघालं. एवढं सगळं वर्णनात घातलं तर ते फार लांबणार नाही का? आणि ओळ जोडण्याच्या टूलबद्दल कोणी बोललं नाही.

प्रतिसाद ३

दर कॉलला, म्हणजे टूल वापरताना प्रत्येक वेळी, लागणारं तेवढंच वर्णनात, बाकी एरर मेसेजमध्ये. 'चुकीचा इनपुट' हा मेसेज निरुपयोगी. 'रेंज बी२:डी६ म्हणजे ३ कॉलम, डेटात ४. रेंज बी२:ई६ करा किंवा चौथा कॉलम काढा' असा हवा, म्हणजे पुढचा कॉल सुधारून येतो.

जोडण्याचं टूल दिलेल्या रेंजमध्ये तक्ता शोधून त्याच्या खाली लिहितं. तळाला 'एकूण' असेल तर नोंद एकूणच्याही खाली जाते, बेरजेत धरली जात नाही. एकूणची ओळ वर, शीर्षकाजवळ न्या. हे वर्णनाने सुटणारं नाही. मात्र हे जरूर लिहा: 'टाइमआउट आला तर लगेच पुन्हा जोडू नका, आधी पावती क्रमांक शोधा.' टाइमआउट म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही इतकंच. पहिली नोंद पोहोचलेली असू शकते, आणि मग त्याच फ्लॅटची वसुली दोनदा दिसते.

प्रतिसाद १

+१. तपासायला शीटची प्रत करा, नव्या एजंटला फक्त वर्णनं द्या, कोड दाखवू नका. 'सातवी आणि नववी ओळ काढ, ०१०४ ची ३ एप्रिलची पावती जोड' एवढंच सांगा आणि कॉलचा लॉग वाचा. जिथे तो दोनदा प्रयत्न करतो, त्या टूलचं वर्णन अपुरं आहे.