गाळ्याच्या आवारात टेम्पो घुसवलेत, पोलीस म्हणतात सिव्हिल मॅटर

रबाळेवाला: रबाळे एमआयडीसीत बाबांचा छोटा गाळा आहे, त्यांच्या आजारपणात वर्षभर शटर खालीच होतं. शेजारच्या युनिटवाल्याने आवारात टेम्पो लावला, विचारलं तर म्हणाला दोन दिवस लावतो, आम्ही पण हो म्हटलं. आता तीन टेम्पो, भिंतीला खिळे ठोकून ताडपत्री, खाली स्टोव्ह आणि दोन पोरांच्या गाद्या. दीड महिन्यापूर्वी गेटचं आमचं कुलूप तोडून स्वतःचं लावलं. रविवारी बाबा गेले तर आतच घेतलं नाही, ७१ वर्षांचा माणूस स्वतःच्या गेटबाहेर उन्हात उभा. चौकीत म्हणाले सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. खरंच काहीच करता येत नाही का?

बेलापूर कोर्टवाला: येतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) अतिक्रमणाच्या कलम ४४७ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ आलंय. साध्या अतिक्रमणाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, घरात किंवा माल ठेवायच्या बांधकामात घुसला तर १ वर्षापर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे म्हणजे एफआयआर घ्यावाच लागतो, एनसीवर (अदखलपात्र तक्रारीच्या नोंदीवर) बोळवण करू देऊ नका. पण जामीनपात्र आहे, तो लगेच सुटेल. आणि नुसतं घुसणं पुरत नाही, धमकवायचा, अपमान करायचा, त्रास द्यायचा किंवा गुन्हा करायचा हेतू दिसायला हवा. तुम्ही आधी हो म्हटलंत तोच मुद्दा तो पुढे करणार, म्हणून परवानगी काढून घेतल्याची नोटीस आजच स्पीड पोस्टाने पाठवा. परवानगीने आत आलेला माणूस अशा हेतूने बेकायदा थांबून राहिला तरी हेच कलम लागतं. तुमचं तुटलेलं कुलूप आणि बाबांना अडवलं, हे मात्र पोलिसांकडच्या तक्रार अर्जात पहिल्या ओळीत लिहा.

वागळे इस्टेट: माझं ऐका, दिवस मोजा! आमच्या शेडमध्ये असंच झालं, आम्ही सोसायटीच्या मिटिंगा, समजुती, गणपतीनंतर काढतो म्हणाला मग दिवाळीनंतर, यात सात महिने घालवले. विशिष्ट अनुतोष कायदा (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) १९६३ च्या कलम ६ खाली ताबा गेल्यापासून ६ महिन्यांत दावा टाकला तर मालकी सिद्ध करत बसावं लागत नाही, फक्त आधी ताबा तुमचा होता आणि तुमच्या मर्जीशिवाय गेला एवढंच दाखवायचं. ते सहा महिने गेले की मालकीचा दावा, १२ वर्षांची मुदत आहे त्याला पण कागदांची लढाई लांबते. लाईट बिलं, एमआयडीसीचे पाण्याचे बिल, जुने फोटो आत्ताच काढून ठेवा.

रबाळेवाला: धन्यवाद दोघांना. भाऊ म्हणतो रात्री जाऊन कुलूप तोडू, ताडपत्री फाडून टाकू.

बेलापूर कोर्टवाला: अजिबात नको, आत पोरं झोपतायत, उद्या मारहाणीची आणि नुकसानीची तक्रार तुमच्यावर होईल आणि बाबांना चौकीच्या बाकावर बसावं लागेल. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या. नाही घेतला तर डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) पोस्टाने पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. दावा टाकताना मनाई हुकूम पण मागा, नाहीतर चौथा टेम्पो येईल.

वाशी दुकानदार: नोटिशीत तिन्ही टेम्पोंचे नंबर टाका. आणि फोटोत गेटवरचं त्याचं कुलूप आणि तुमच्या गाळ्याचा नंबर एकाच फ्रेममध्ये यायला हवा.